किशोरवयातले खाण्याचे विकार: जोखीम नेमकी कुठून येते?

मालाड स्टेशनहून सुटणारी २७१ नंबरची बस मालवणी, आक्सा, एरंगळ मागे टाकत मढला पोचते. वर्सोव्याच्या बाजूने आलं तर खाडी ओलांडायला फेरीबोटीला काही मिनिटंच लागतात. गावात एकीकडे वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, तर दुसरीकडे मालिकांच्या शूटिंगला भाड्याने दिलेले बंगले उभे असतात. तासन्‌तास उकिडवं बसून मासळी निवडणारी, भरली पाटी उचलून बाजार गाठणारी कोळीण आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी नायिका, ही दोन्ही शरीरं इथली चौदा वर्षांची मुलगी एकाच दिवसात पाहते. अशी एखादी मुलगी जेवण टाळू लागली, वाळत गेली, तर पहिलं बोट शूटिंगकडे आणि मोबाइलकडे दाखवलं जातं. ते अगदीच चुकीचं नाही. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर जमलेला पुरावा वाचला की लक्षात येतं, पडदा हा या आजाराच्या अनेक वाटांपैकी एक आहे आणि सर्वात मोठी वाट तर तो नाहीच. सगळा दोष त्याच्यावर टाकला की बाकीच्या वाटा उघड्या राहतात. त्यातल्या काही आपल्या स्वयंपाकघरातून जातात.

आधी आजारांबद्दल थोडं. ॲनोरेक्सिया नर्व्होसात मुलगी किंवा मुलगा खाणं इतकं कमी करतो की वजन धोकादायक पातळीपर्यंत घसरतं. बुलिमियात एका बैठकीत ताबा सुटल्यासारखं खाणं आणि मग ते उलटी, जुलाबाची औषधं, उपास किंवा अतिव्यायामाने भरून काढणं, हे चक्र चालतं. नुसतं ताबा सुटून खाणं, त्यानंतरची शरम, पण भरपाईचा प्रयत्न नाही, या विकाराला अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात २०१३ साली स्वतंत्र स्थान मिळालं. पोत, वास किंवा घशात अडकण्याची भीती यामुळे मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांचा गटही त्याच वेळी वेगळा ओळखला गेला. हे आजार नवे नाहीत. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी ते स्वतंत्रपणे मांडलं. इन्स्टाग्रामच्या आधी, सिनेमाच्याही आधी मुली अशा वाळत होत्या.

या आजारांना ‘लाडाचं खूळ’ म्हणणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. २०११ साली ३६ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तीत ॲनोरेक्सिया झालेल्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळपास सहापट आढळला आणि मरण पावलेल्यांत सुमारे पाचातल्या एकाचा मृत्यू आत्महत्येने झालेला होता. बाकीच्यांना उपासमारीने थकलेलं हृदय, बिघडलेले क्षार असं काही ना काही नेतं.

वय ही पहिली जोखीम. या विकारांची सुरुवात पंधरा-सोळाच्या आसपास सर्वाधिक होते आणि जवळपास निम्म्या रुग्णांत ती अठराच्या आत झालेली असते. पाळी सुरू होताना मुलीच्या शरीरात चरबी वाढते, वाढायलाच हवी. पण नेमक्या याच काळात ती वाढ तिला आणि भोवतालच्यांना खटकते. ज्या मुलीला वर्गात सगळ्यांच्या आधी पाळी येते तिची जोखीम थोडी अधिक असते, कारण तिचं शरीर मैत्रिणींच्या पुढे निघून जातं आणि नजरा व शेरे ती एकटी झेलते.

दुसरी जोखीम जन्माबरोबर येते. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की ॲनोरेक्सियाकडे असलेला कल साधारण निम्म्याच्या वर आनुवंशिक आहे. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. त्यांचा संबंध चिंता आणि मंत्रचळ यांच्याशी जसा आढळला, तसाच शरीरातल्या चयापचयाशीही आढळला. म्हणजे काही मुलांचं शरीर वजन कमी होण्याला इतरांपेक्षा वेगळा प्रतिसाद देत असावं. उपाशी राहिल्यावर बहुतेकांची चिडचिड होते. या थोड्यांना मात्र शांत, हलकं वाटतं. त्यांच्यासाठी पहिला उपासच धोक्याचा ठरतो. घरात आई, मावशी, आत्या यांपैकी कुणाला असा आजार, तीव्र चिंता किंवा नैराश्य झालेलं असेल तर ती माहिती डॉक्टरांना सांगायची असते, लपवायची नसते.

स्वभावाचा भाग मला सर्वात अधिक लिहावासा वाटतो, कारण आपल्याकडे तो जोखीम म्हणून ओळखलाच जात नाही. ॲनोरेक्सिया होणाऱ्या मुली पुष्कळदा लहानपणापासून काटेकोर असतात. वहीत खाडाखोड झाली की पान फाडून पुन्हा लिहिणाऱ्या, नव्वद टक्के मिळाले तरी राहिलेल्या दहांसाठी रडणाऱ्या, कुणाला नाही म्हणता न येणाऱ्या. अशा मुलीला घर आणि शाळा ‘गुणाची पोर’ म्हणतात. दहावीच्या वर्षात तिचं जेवण कमी झालं तर अभ्यासाच्या ताणाने झालं असं समजलं जातं, पहाटे उठून धावायला गेली तर शिस्तीचं कौतुक होतं. जी मुलगी दंगा करते तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. ही मात्र चुकत नाही म्हणून सुटून जाते. बुलिमियाकडे जाणाऱ्यांत मनाने उचल खाल्ली की चटकन कृती करून टाकणारी मुलंही दिसतात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सामाईक असते: स्वतःची किंमत शरीरावरून ठरवणं.

आता खाणं कमी करण्याकडे वळू. इथे पुरावा सर्वात भक्कम आहे आणि इथेच आपल्या हातात सर्वाधिक आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात जॉर्ज पॅटन आणि सहकाऱ्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या जवळपास दोन हजार विद्यार्थ्यांची तीन वर्षं पाहणी केली. १९९९ मध्ये आलेला निष्कर्ष असा: कडक डाएट करणाऱ्या मुलींना नंतर खाण्याचा विकार होण्याचा धोका डाएट न करणाऱ्यांच्या तुलनेत अठरापट होता, मध्यम डाएट करणाऱ्यांना पाचपट. असं का होतं, याचं उत्तर त्याहून जुन्या एका प्रयोगात मिळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, मनाने खंबीर तरुण निवडले आणि सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्या पुरुषांना शरीराच्या सौंदर्याची काही पडलेली नव्हती. तरी ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, जेवण तासभर लांबवू लागले, माणसांत मिसळेनासे झाले, खिन्न झाले. काहींचा नंतर खाण्यावरचा ताबा सुटला. आपण आजाराची म्हणून जी लक्षणं मोजतो त्यातली बरीचशी निव्वळ उपासमारीची लक्षणं असतात. उपासमार सुरू झाली की आजार स्वतःच स्वतःला पोसू लागतो.

म्हणून वजन कोणत्या कारणाने उतरलं याला फारसं महत्त्व राहत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात डेंग्यू, टायफॉइड, कावीळ या घरोघरच्या गोष्टी आहेत. पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेली मुलगी उठते, ड्रेस सैल झालेला असतो, काविळीनंतर तेल-तूप वर्ज्य सांगितलेलं असतं, आणि शेजारची काकू म्हणते, “किती छान बारीक झालीस गं!” ती स्तुती औषधासारखी लागते. पथ्य संपलं तरी पथ्याची सवय संपत नाही. दातांना तारा बसवल्यावर कमी झालेलं जेवण, नवरात्रात धरलेले नऊ उपास, वसतिगृहातलं न आवडणारं अन्न, शर्यतीसाठी उतरवलेलं वजन, यातलं काहीही सुरुवात करून देऊ शकतं. मानसिक तयारी आधी झालेली असते, खाणं कमी होणं ही ठिणगी असते.

घरातल्या बोलण्याबद्दल लिहिताना मी जपून लिहितो, कारण या विषयात आयांना पुरेसं छळून झालं आहे. १९७८ मध्ये साल्वादोर मिनुशिन यांनी अशा मुलींच्या कुटुंबांचं एक ठरावीक चित्र रंगवलं आणि पुढे कित्येक वर्षं ‘घराने आजारी पाडलं’ असं उपचार करणारेच पालकांना सुनावत राहिले. पुराव्याने ते चित्र टिकलं नाही. २०१० मध्ये खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जाहीर भूमिका घेतली की कुटुंब हे या आजारांचं मूळ कारण मानता येत नाही. उलट लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून आलेल्या, १९८७ पासून तपासल्या गेलेल्या उपचारपद्धतीत मुलीला पुन्हा जेवायला लावण्याचं काम आईवडिलांच्याच हाती दिलं जातं आणि किशोरवयीन ॲनोरेक्सियात तीच सध्याची सर्वात भरवशाची पद्धत आहे. पालक दोषी नाहीत, तेच मुख्य उपचारक आहेत.

तरीही बोलण्याने जखम होते हे खरं आहे. वजनावरून चिडवणं ही जोखीम म्हणून देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलेली गोष्ट आहे. हेमल श्रॉफ आणि केव्हिन थॉम्प्सन यांनी २००४ मध्ये भारतीय मुली आणि तरुणींबद्दल प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिडवणं आणि माध्यमांतली प्रतिमा मनात मुरणं, या दोन्हींचा स्वतःच्या शरीराबद्दलच्या नाराजीशी संबंध दिसला. आपल्या घरांत हे चिडवणं प्रेमाच्या आवाजात होतं. एका मुलीला ‘भोपळा’ म्हणतात, तिच्या बहिणीला ‘काडी’. लग्नाच्या मांडवात चार बायका भेटल्या की पहिलं वाक्य तब्येतीवरचं असतं. “अंगाने भरलीस” हे आजीसाठी कौतुक असतं, नातीच्या कानाला ते भलतंच ऐकू येतं. आणि सोळाव्या वर्षीच “असं राहिलं तर स्थळ कोण आणणार” हे ऐकणाऱ्या मुलीला शरीर ही परीक्षेची उत्तरपत्रिका वाटू लागते. आई स्वतः आरशासमोर उभी राहून पोट चिमटीत धरते आणि रात्रीची भाकरी सोडते, तेव्हा ती मुलीला काहीच म्हणालेली नसते. मुलगी मात्र शिकलेली असते.

पडद्याच्या प्रभावाचा सर्वात गाजलेला पुरावा मुंबईपासून फार दूरच्या, पण मढसारख्याच समुद्रावर जगणाऱ्या माणसांतून आला. फिजी बेटांवरच्या नड्रोगा भागात दूरचित्रवाणी १९९५ मध्ये पोचली. तिथे धष्टपुष्ट शरीराला मान होता. कुणी वाळलं तर ते काळजीचं मानलं जाई. ॲन बेकर या मानववंशशास्त्रज्ञ मनोविकारतज्ज्ञांनी टीव्ही आल्यानंतर काही आठवड्यांत शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये तेवढ्याच वयाच्या दुसऱ्या मुलींची पुन्हा केली. खाण्याबद्दलच्या प्रश्नावलीत धोक्याचे गुण मिळवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. अभ्यास लहान होता, दोन्ही वेळी साठ-पासष्टच मुली. शिवाय प्रश्नावलीतले गुण म्हणजे निदान नव्हे. पण मुलाखतींत मुलींनी जे सांगितलं ते मला आकड्यांहून बोलकं वाटतं: मालिकांतल्या बायकांसारखं दिसलं तर त्यांच्यासारखी नोकरी आणि आयुष्य मिळेल, असं त्यांना वाटत होतं. बारीक होणं हा त्यांच्या लेखी पुढे जाण्याचा रस्ता होता.

मढच्या मुलीला हे पटकन कळेल. २००८ मध्ये ‘टशन’ चित्रपटाच्या निमित्ताने ‘साइज झीरो’ हा शब्द मराठी घरांतही पोचला. अभिनेत्री रिचा चढ्ढा यांनी पुढे बुलिमियाशी झालेल्या आपल्या झगड्याबद्दल जाहीरपणे सांगितलं, तेव्हा पडद्यामागची किंमत थोडी दिसली. मढ-एरंगळच्या बंगल्यांत काम करणाऱ्या बालकलाकारांसाठी कायदा आहे. २०१७ च्या नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला पाच तासांहून अधिक, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. त्याच नियमांत वेळेवर पोषक आहार आणि मानसिक आरोग्याची सोय करण्याची जबाबदारीही निर्मात्यावर टाकलेली आहे. हे कलम चौदाखालच्या मुलांचं आहे आणि खाण्याच्या विकारांचं खरं धोक्याचं वय चौदानंतर सुरू होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला “महिन्याभरात पाच किलो उतरव, मग बघू” असं कुणी सांगितलं तर ती छळवणूक समजून थांबवणारा माणूस सेटवर असायला हवा. आईवडिलांनी करारापूर्वी हेच विचारावं.

मोबाइलने एक गोष्ट बदलली. टीव्हीवरची नायिका परकी होती. इन्स्टाग्रामवरची मुलगी शेजारच्या वाड्यातली असते आणि तिच्या फोटोला फिल्टर लावलेला असतो. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन यांनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं उघड केली, तेव्हा किशोरवयीन मुलींच्या शरीराबद्दलच्या भावनांवर इन्स्टाग्रामचा वाईट परिणाम होतो हे कंपनीच्या स्वतःच्या पाहणीतही आलं होतं हे समजलं. तरी रीळ पाहणाऱ्या लाखो मुलींतल्या थोड्याच आजारी पडतात. ज्यांचा स्वभाव, अनुवंश आणि घरातलं बोलणं आधीच त्या दिशेला झुकलेलं आहे त्यांना पडदा पुढे ढकलतो.

हा श्रीमंतांचा आजार आहे, ही समजूत सर्वात नुकसान करते. अमेरिकेत सॅन अँटोनिओ शहरात मोफत शिधा घेणाऱ्या लोकांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. ज्यांच्या घरात मुलांनाही उपाशी राहावं लागत होतं अशा सर्वात गरीब गटात १७ टक्के लोकांत खाण्याच्या विकारांची गंभीर लक्षणं होती. कधी ताट भरलेलं, कधी रिकामं, अशा घरात अन्न दिसलं की भरपूर खाऊन घेण्याची आणि मग त्याची शरम वाटण्याची सवय लागू शकते. कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, घरखर्च आखडतो आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा हात सुटतो. या चढउताराचा मुलांच्या खाण्यावर काय परिणाम होतो याकडे शाळेतल्या आरोग्य तपासणीने पाहायला हवं. महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. बारीक, फिकट मुलगी इतकी नेहमीची झाली आहे की तिच्यातली आजारी मुलगी वेगळी दिसत नाही. लोहाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं जातं.

आणि भारतातला आजार पुष्कळदा पुस्तकातल्यासारखा बोलत नाही. १९९० च्या दशकात हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी दाखवलं की तिथल्या अनेक ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना जाड होण्याची भीतीच नव्हती. पोट फुगतं, भूक नाही, घास जात नाही, असं त्या सांगत. दिल्लीच्या एम्समधून १९९५ मध्ये पाच तरुणींची नोंद आली: खाणं नाकारणं, वजन घटणं, पाळी बंद, उलट्या, पण शरीराबद्दलची विकृत कल्पना नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांमधल्या खाण्याच्या विकारांत मानसिक कारणाने होणाऱ्या उलट्या सर्वाधिक होत्या, ॲनोरेक्सियाचे रुग्ण त्याहून बरेच कमी. याचा अर्थ साधा आहे. “तुला जाड व्हायची भीती वाटते का?” या एकाच प्रश्नावर निदान सोपवलं तर आपल्या मुली निसटतील. त्या पोटाच्या डॉक्टरकडे एंडोस्कोपी करून येतात, कुणी त्यांना बाहेरची बाधा उतरवायला नेतं, आणि सहा महिने असेच जातात.

उपवासाचा घोळ वेगळा. किंग आणि भुग्रा यांनी १९८९ मध्ये उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना पाश्चात्त्य प्रश्नावली दिली, तेव्हा धार्मिक उपासामुळे काही उत्तरं आजारासारखी दिसली. उपास करणारी मुलगी आजारी नसते. मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, एकादशी, एरंगळच्या ख्रिस्ती घरांतला लेंट, हे सगळं घराबरोबर धरलं आणि घराबरोबर सोडलं जातं. चिंता वाटावी ती तेव्हा, जेव्हा उपास वाढत जातात, पारण्याच्या दिवशीही ताट परत येतं आणि घरच्या कुणाला नसलेला नेम मुलगी एकटीच धरते. देवाचं नाव पुढे केलं की विचारायचं कुणाला धाडस होत नाही, तरी विचारावं.

मुलांबद्दल कमी लिहिलं जातं, पण त्यांनाही हे आजार होतात. त्यांच्यात पुष्कळदा बारीक होण्यापेक्षा पिळदार होण्याचा ध्यास दिसतो, रोज जिमचे तास वाढत जातात, पावडरीचे डबे येतात. कुस्ती, ज्युडो, जिम्नॅस्टिक्स, लांब पल्ल्याचं धावणं अशा वजनाशी बांधलेल्या खेळांतल्या मुलामुलींकडे प्रशिक्षकाने विशेष लक्ष द्यावं. इन्सुलिनवर असलेल्या मधुमेही मुलांत हा धोका वाढतो. त्यांची साखर विनाकारण सतत वर राहत असेल तर हा प्रश्नही विचारात घ्यावा. लैंगिक अत्याचार आणि शाळेतली छळवणूक यांनी बुलिमियाची आणि ताबा सुटून खाण्याची जोखीम वाढते. त्यामुळे “का खात नाहीस” याआधी “कुणी त्रास देतंय का” हे एकांतात विचारणं गरजेचं ठरतं.

या सगळ्या जोखमी एकावर एक चढतात, तेव्हा आजार होतो. अनुवंश आणि वय आपल्याला बदलता येत नाही. मुलांना डाएटवर न घालणं, शरीरावर शेरे न मारणं, दिवसातलं एक जेवण घरात एकत्र घेणं आणि आजारपणानंतर गेलेलं वजन भरून आलं का हे पाहणं, एवढं मात्र हातात आहे, आणि जोखीम कमी करण्याचा याहून मोठा मार्ग मला कुठल्या अभ्यासात दिसलेला नाही.

मुलीचं किंवा मुलाचं वजन घटत असेल किंवा वाढीच्या वयात उंची-वजन थांबलं असेल, तीन महिने पाळी आली नसेल, चक्कर, सतत थंडी वाजणं, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं, सगळ्यांबरोबर जेवण टाळणं यातलं काही दिसत असेल, तर शरीर जाड आहे की बारीक हे न बघता डॉक्टरांकडे न्या. मढहून जुहूचं कूपर किंवा कांदिवलीचं शताब्दी ही पालिकेची रुग्णालयं आवाक्यात आहेत. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका, त्यात क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. कुणाशी बोलावं हे कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.